छटाकचं वजन

सकाळचे साडेनऊ वाजले होते. दादा लेथवर एक चकती घासत होता आणि काटेवाली चहाचा दुसरा कप घेऊन नुकती कुठे टेकली होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर होत्या. कशा आहात नाही, बऱ्या आहात का नाही, एकदम तोफच.

"बाई, तुमच्या काट्याला मूल आणि बाटली यातला फरक कळत नाही. या."

आणि फोन ठेवलासुद्धा. त्या बाईंचा स्वभाव असाच होता, एका वाक्यात काम होत असेल तर दुसरे वाक्य त्या वाया घालवत नसत. काटेवालीला तेव्हा रागच आला. आज मात्र तो फोन आठवला की ती मनातल्या मनात हात जोडते. सिस्टरांनी तो फोन आणखी दोन दिवस लांबवला असता, तर काय झाले असते, हा विचार ती अजूनही पुरा करू शकत नाही.

तिला काटेवाली हे नाव वॉर्डानेच दिले होते. बहीणभावाचा दोन खोल्यांचा कारखाना. पुढच्या खोलीत दादाचा लेथ, मागच्या खोलीत हिचे टेबल. वजनकाट्याची हाडे दादा करायचा, म्हणजे पाय, पट्टी, वरचे ताट. डोके ही करायची. वीस वर्षे दोघांनी किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, पार्सलवाल्यांचे काटे केले आणि एकानेही परत आणून दिला नाही. मग एक दिवस या वॉर्डाने विचारले, बाळांचा काटा कराल का? दादा म्हणाला, त्यात काय, ताट खोल करू, कडा गोल करू, झाले.

झाले कुठले! साखर कधी पाय झाडत नाही. भंगाराला उचकी लागत नाही. बाळ मात्र ताटात ठेवले रे ठेवले की हात उडवते, पाय मारते, शिंकते, रडते, आणि रडता रडता दम घेऊन पुन्हा लाथ मारते. ताटाखालचा सेन्सर प्रत्येक लाथ इमानेइतबारे मोजतो. सेकंदाला ऐंशी आकडे, आणि ऐंशीच्या ऐंशी वेगळे. त्यातला बाळाचा कुठला आणि लाथेचा कुठला?

मोठ्या सिस्टरांची त्यावर स्वतःची रीत होती. जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर त्या प्रत्येक बाळाचे वजन तीनदा करायच्या. ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा सोडायचा, सगळ्यात लहान सोडायचा, आणि मधला पेन्सिलीने वहीत लिहायचा. तेवीस वर्षे त्यांनी हे केले. पण त्याला चार-पाच मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ दीड किलोचा उघडा जीव गारठतो. गारठला की प्यायलेले दूध अंग तापवण्यातच संपते. म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता, की बाई, मला लवकर सांगणारा काटा द्या.

काटेवालीने दिला. त्या नाचणाऱ्या आकड्यांतून खरे वजन काढणारा जो हिशेब तिने काट्याच्या डोक्यात भरला, त्याला ती आणि दादा गाळणी म्हणायचे. चहाच्या गाळणीसारखीच, चोथा वर राहावा आणि चहा खाली यावा. पहिली गाळणी साधी होती, पण तिला वीस सेकंद लागत. काटेवालीला वाटले, अजून लवकर व्हायला हवे. मग तिने गाळणीला थोडे शहाणपण शिकवले. बाळाचे कालचे वजन काट्याला माहीत असतेच. या वयाचे, या वजनाचे बाळ रोज साधारण पंधरा ग्रॅमने वाढते हेही पुस्तकात असते. तेव्हा काट्याने आधीच अंदाज बांधायचा, की आज एवढे असणार, आणि मग ताटाकडे बघायचे. आकडे शांत असतील तर ताटाचे ऐकायचे. आकडे फार नाचत असतील तर आपल्या अंदाजाला धरून राहायचे.

सहा सेकंदांत आकडा! वॉर्डात नुसते कौतुक. डॉक्टर म्हणाले, आलेख बघा, कशी रुळावरून गाडी चालल्यासारखी रेघ आहे. जुना काटा कोपऱ्यात गेला, मग कोपऱ्यातून दादाच्या कारखान्यात भंगारात आला. कानामागून आली आणि तिखट झाली, असे सिस्टर हसून म्हणाल्या, पण वही त्यांनी मिटली ती मिटलीच. आणि काटेवालीचे तर विचारूच नका. आपला तो बाब्या! येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्या आलेखाचा फोटो दाखवायची.

म्हणून फोन ठेवल्यावर ती दादाला म्हणाली, "काहीतरी चुकीचं बटण दाबलं असणार यांनी."

दादाने चकती डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला. "सिस्टर तेवीस वर्षं मुलं मोजतायत. तू तीन महिने. जाऊन तर ये."

बाळांच्या वॉर्डात शिरायचे म्हणजे दोन दारे. पहिल्या दारात चपला, दुसऱ्या दारात कोपरापर्यंत साबण आणि वरून झगा. आत बाराही महिने उकाडा, कारण तिथले हवामान आतल्या लोकांच्या सोयीने ठरते, बाहेरच्यांच्या नाही. सहा काचेच्या पेट्या, एकीला एक नंबर, आणि प्रत्येक नंबराला सिस्टरांनी ठेवलेले एक नाव. दोन नंबरचे बाळ सदान्कदा कपाळाला आठ्या घालायचे म्हणून साहेब. पाच नंबरचे ढिम्म हलायचे नाही म्हणून उशी. आणि चार नंबरची ती छटाक, कारण जन्मली तेव्हा तेराशे ग्रॅमची होती आणि छटाकभर जीवाचा आवाज तीन खोल्या ऐकू जायचा.

छटाकची आई पेटीशेजारच्या खुर्चीत बसलेली होती. बारीक चणीची, केस वर गुंडाळलेले, डोळ्यांखाली काळे. तिने काटेवालीकडे पाहिले आणि पुन्हा काचेकडे वळली.

"बसा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि बसायला जागाच नव्हती. "आधी सांगते, मग दाखवते. आठ दिवसांपूर्वी छटाक होती चौदाशे साठ. डॉक्टरांनी नाकातली नळी काढली, म्हणाले आता आईच्या अंगावरच पिऊ दे. वाढत राहिली तर उद्या हिला बाहेरच्या खोलीत हलवायचं. तिथं नळी नाही, की कोणी दर तासाला बघायला नाही. तुमचा काटा म्हणतो रोज पंधरा-पंधरा वाढतेय. आज सकाळी पंधराशे ऐंशी."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे. पण डायपरची पट्टी आठ दिवसांपूर्वी ज्या छापील फुलावर लागायची, काल त्याच्याही आत लागली. एकशेवीस ग्रॅम वाढली म्हणता, ते गेले कुठं? माझ्या कमरेला चिकटले?"

काटेवालीला हसू आले, पण सिस्टर हसत नव्हत्या.

"डॉक्टरांना सांगितलं मी. ते म्हणाले, सिस्टर, तुमच्या हाताला ग्रॅम कळतात का? मी म्हटलं, नाही कळत. पण मूल उचलताना हाताला भरतं की नाही ते कळतं. ही भरत नाही."

"पण तुम्ही रोज सकाळी बाटली ठेवून तपासता ना काटा?"

"तपासते. सलाईनची सीलबंद बाटली, एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही. तेच तर. म्हणून मी एवढे दिवस गप्प बसले." सिस्टरांनी कपाटातून ती बाटली काढली, मोजून बाराशे ग्रॅम भरावेत म्हणून तिच्यावर बँडेजचे दोन गुंडाळे रबराने बांधले आणि ताटात ठेवले. काट्यावर कोणत्याच बाळाचा नंबर नव्हता. आकडा आला, बाराशे. "बरोबर?"

"बरोबर."

"आता बघा हं." त्यांनी चार नंबरचे बटण दाबले, म्हणजे काट्याच्या लेखी आता ताटात छटाक होती. मग बाटली आडवी केली आणि बोटाने डोलवत राहिल्या. आकडे नाचले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. टिंग.

पंधराशे अठ्ठ्याहत्तर.

काटेवालीने पुन्हा बटण दाबले आणि स्वतःच्या बोटाने बाटली डोलवली. टिंग. पंधराशे एकोणऐंशी. ताटात बाराशे ग्रॅमची बाटली होती, आणि तिच्या लाडक्या काट्याला ती छटाक वाटत होती, तीही दिवसेंदिवस बाळसे धरणारी.

तिला तिथल्या तिथे सगळे कळले. गाळणीला तिनेच सांगितले होते, आकडे फार नाचले तर अंदाजाला धर. उशी हलत नव्हती, म्हणून उशीचे वजन खरे येत होते. साहेब थोडे हलत, म्हणून त्यांचे जवळपास खरे. आणि छटाक? छटाकने आजवर एक दिवस ताटात पाय आवरले नव्हते. तिच्या बाबतीत काटा ताटाकडे बघतच नव्हता. काल जे बोललो त्यात पंधरा मिळवून आज बोलायचे, आणि आज जे बोललो त्यात पंधरा मिळवून उद्या. आठ दिवस काट्याने छटाकला मोजलेच नव्हते. तिच्याबद्दल नुसत्या चांगल्या आशा बाळगल्या होत्या.

"सिस्टर, हे मी..." ती म्हणू लागली.

"नंतर," सिस्टर म्हणाल्या. "आधी खरं वजन सांगा. तुमची ती ऐंशीच्या ऐंशी आकड्यांची रास कुठं साठवलेली असते का?"

होती. गाळणी सुधारायला उपयोगी पडतील म्हणून काटेवाली न गाळलेले आकडे काट्यातच ठेवायची. दोघी चादरींच्या खोलीत गेल्या. इस्त्रीच्या चादरींच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून तिने काट्याला वायर जोडली. छटाकचे आठ दिवस पडद्यावर आले, आठ रानटी रेघा, वर खाली, वर खाली.

"यातनं काय कळणार?" सिस्टरांनी चष्मा लावला.

"कळतं. लाथ मारली की क्षणभर वजन वाढल्यासारखं दिसतं, पण लगेच तेवढंच कमी झाल्यासारखंही दिसतं. लाथेनं कोणी जाड होत नाही. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायचे आणि अगदी मधला घ्यायचा."

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे मी करायचे तेच."

"तुम्ही करायच्या तेच," काटेवाली म्हणाली. कानशिले तापली होती, पण हे बोलताना तिला हलके वाटले. "तुम्ही तीन आकड्यांवर करायच्या, मी पाचशेवर करतेय, एवढाच फरक. तुमचंच आधी बघायला हवं होतं मी."

आठ मधले आकडे एकाखाली एक आले. चौदाशे साठ. चौदाशे बासष्ट. चौदाशे एकोणसाठ. मग पायरी पायरीने खाली, आणि आजचा चौदाशे एकतीस. छटाक वाढत नव्हती. छटाक उतरत होती. आणि सगळा वॉर्ड तिच्या आलेखाकडे बघून टाळ्या वाजवत होता.

डॉक्टरांना बोलावले. भला माणूस होता, पण घाईचा. त्यांनी आठ आकडे वाचले, मग पुन्हा वाचले, आणि हातातला कागदी कप चुरगळला.

"चूक माझी आहे," काटेवाली म्हणाली. "गाळणी मी लिहिली."

"आणि सिस्टर सांगत होत्या तेव्हा ऐकलं नाही मी," डॉक्टर म्हणाले. "ते नंतर वाटून घेऊ आपण. आधी नळी."

त्यांनी सिस्टरांसमोर मान खाली घातली, दोन शब्द पुटपुटले, ते काटेवालीला ऐकू आले नाहीत. सिस्टर एवढेच म्हणाल्या, "चला आता." अर्ध्या तासात छटाकच्या नाकात पुन्हा नळी होती, दर दोन तासांनी आईचे काढलेले दूध थेंबाथेंबाने आत जात होते आणि पेटीचे तापमान अर्ध्या अंशाने वाढवले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडले. आणखी तीन-चार दिवस असेच गेले असते तर वेगळे बोलावे लागले असते.

राहिली होती आई. तिला डॉक्टरच सांगणार होते, पण काटेवाली म्हणाली, मी येते बरोबर. एखाद्या बाईला आठ दिवस खोटे सांगून नवव्या दिवशी खरे सांगायला जाणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला माहीत.

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितले. काटेवाली पुढे म्हणाली, "काटा मी केलाय. त्याच्यात दोष नव्हता, त्याच्या डोक्यात होता, आणि ते डोकं माझं. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

छटाकची आई काचेकडे वळली. मग तिने विचारले, "म्हणजे ती वाढत नव्हती?"

"नाही."

"आठ दिवस नाही?"

"नाही."

आणि ती रडायला लागली. आवाज नाही, काही नाही, नुसत्या धारा. काटेवाली चोरासारखी उभी. सिस्टरांनी आईच्या पाठीवर हात ठेवला.

"मला वाटलं मला वेड लागलंय," ती बाई म्हणाली. "रोज सगळे यायचे, म्हणायचे, बघ कशी छान वाढतेय. आणि मी तिला छातीशी घ्यायची, तर ती चार घोट घ्यायची आणि दमून झोपायची. मला वाटायचं, हिचं पोट भरत नाहीये. पण काटा म्हणतोय भरतंय. मग मी कोण? घरी सासूबाईंना फोनवर बोलले तर त्या म्हणाल्या, उगाच नाट लावू नकोस, चांगलं चाललंय. मी स्वतःलाच रागवायची. कसली आई मी, पोरगी वाढतेय आणि मला खुशी होत नाही." तिने नाक पुसले. "ताई, तुमचा राग यायला हवा मला. येईलही उद्या. पण आत्ता मला एवढंच बरं वाटतंय, की मला वेड लागलं नव्हतं."

काटेवाली म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

"पुन्हा म्हणा," ती बाई म्हणाली.

"तुमचं बरोबर होतं."

कारखान्यात परत आल्यावर तिने दादाला सगळे सांगितले. दादाने लेथ बंद केला, जे तो फक्त जेवायला करायचा. ऐकून झाल्यावर त्याने हात पुसले.

"काट्याला मत कशाला द्यायचं गं?" तो म्हणाला. "आपल्या बापजन्मी कुठल्या काट्याला मत नव्हतं."

"लवकर व्हावं म्हणून दिलं. त्यांना गार लागू नये म्हणून."

"ते कळलं मला. वाईट मनानं कुठं केलंस? पण मन चांगलं असलं की माणूस तपासत नाही, तीच तर पंचाईत." मग तो उठला. "चल. ताटाला खालून गरम ठेवायची सोय मी करतो. वीस सेकंद काय, मिनिटभर लागलं तरी पोर गारठणार नाही, मग तुला घाई कशाला?"

काटेवाली त्याच्याकडे बघतच राहिली. तीन महिने ती सेकंद वाचवायला गाळणीच्या मागे लागली होती, आणि हा लेथवाला म्हणतो, ताट गरम करू! देवाने प्रत्येकीला असा एक भाऊ द्यावा, आणि त्याचे ऐकायची बुद्धीही द्यावी.

दोन दिवसांत काटा नवा झाला. नव्या गाळणीला कालचे काही आठवत नव्हते. प्रत्येक वेळी कोरी पाटी. आकडे गोळा करायचे, ओळीने लावायचे, मधला घ्यायचा. पुढच्या पाच सेकंदांतला मधलाही तोच आला तरच सांगायचे. आणि बाळ फारच उड्या मारत असेल तर? आधी काटा अशा वेळी थाप मारायचा. आता पडद्यावर सरळ अक्षरे यायची, "अजून सांगता येत नाही". दादा म्हणाला, हे वाक्य तुला स्वतःलाही जड जायचं, काट्याला कसं शिकवलंस?

या वेळी सिस्टरांनी परीक्षा घेतली ती अशी की विचारू नका. बाटली आडवी, उभी, डोलवून, आपटून, सहाही नंबरांवर. साहेबांच्या नावावर कात्रीचा डबा, उशीच्या नावावर दाराबाहेरून मागवून पिशवीत गुंडाळलेला स्वतःचा बूट. बूट साडेतीनशे ग्रॅमचा आहे असे काट्याने ठणकावून सांगितले तेव्हा कुठे त्यांची मान हलली. तरीही त्यांनी पेन्सिलीची वही कपाटातून बाहेर काढली. दर रविवारी प्रत्येक बाळ तीनदा ठेवायचे, उचलायचे आणि मधला आकडा लिहायचा, काटा काहीही म्हणो. दुधाने तोंड पोळले होते, आता ताकही फुंकून प्यायचे. काटेवालीला त्याचा राग आला नाही. उलट तिने काट्याच्या कागदपत्रांत हे छापूनच टाकले, की आठवड्यातून एकदा वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरांनी हाताने पडताळा घ्यावा. नियम कोणाचा, असे कोणी विचारले तर ती मोठ्या सिस्टरांकडे बोट दाखवायची.

छटाकचे पुढचे आठवडे काही सरळ रेघेत गेले नाहीत. एक दिवस वीस ग्रॅम वर, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, तिसऱ्या दिवशी पाच खाली आणि सगळ्यांची तोंडे उतरलेली, मग एकदम तीस वर. आलेख आता रुळासारखा नव्हता, खेड्यातल्या पायवाटेसारखा होता. पण तो छटाकचा होता. दहाव्या दिवशी नळी निघाली, या वेळी दर दोन दिवसांनी हाताने पडताळा घेऊन. काटेवाली काही ना काही निमित्त काढून जायची. स्क्रू बघते, वायर बघते. सिस्टर म्हणायच्या, "बाई, तुमचा काटा ठीक आहे. छटाक तिकडे आहे, बघून घ्या आणि जा."

अठराशे झाले की घरी, असे ठरले होते. विसाव्या दिवशी सतराशे पंच्याऐंशी झाले, तेव्हा हिशेबाने उद्याचा दिवस धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी काटेवाली पोचली तर छटाकची आई चांगला कुडता घालून तयार, बॅग भरलेली, खाली छटाकचा बाबा गाडी घेऊन उभा. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर कामे टाकून गोळा झालेल्या. डॉक्टरही आले.

छटाकला ताटात ठेवले. ताट कोमट होते, तिला ते आवडायचे, पण म्हणून ती गप्प पडेल तर ती छटाक कसली! अजून सांगता येत नाही, काटा म्हणाला. पुन्हा, अजून सांगता येत नाही. कोणीतरी हसले. छटाकने एक जांभई दिली, हात डोक्यावर टाकले, आणि घटकाभर स्थिरावली.

सतराशे नव्वद.

डॉक्टर म्हणाले, "अहो, दहा ग्रॅम! दोन चमचे दूध. एवढ्यानं काय होतंय, खाली गाडी थांबलीय. जा खुशाल, मी सही करतो."

सगळ्यांनी छटाकच्या आईकडे पाहिले. काटेवालीने नाही पाहिले, तिने काट्याच्या वायरीकडे पाहिले. एवढ्या आनंदात आपल्याच काट्याने माती कालवावी, याचे तिला फार वाईट वाटले. गाळणीत कुठे चार-सहा ग्रॅम हरवत तर नाहीत ना, असाही विचार आला. पण नव्हते हरवत. तिने स्वतः तपासले होते.

"नको," छटाकची आई म्हणाली.

"काय नको?"

"आज नको. अठराशे ठरलेत ना? मग अठराशे झाल्यावर जाऊ." तिने खांद्यावरची बॅग काढून खुर्चीवर ठेवली. "डॉक्टर, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण या काट्यानं आज मला नको ते सांगितलं. सगळे नटूनथटून उभे असताना सांगितलं. आता हा जे सांगेल ते मी ऐकणार. उद्या सांगेल, परवा सांगेल. मला घाई नाही." मग ती काटेवालीकडे वळली. "आणि ताई, बरं झालं. आता घरी गेल्यावरही मला झोप लागेल."

काटेवालीने आयुष्यात पुष्कळ शाबासक्या घेतल्या होत्या. दहा ग्रॅम कमी भरल्याबद्दल कोणी आभार मानले नव्हते. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते झग्याच्या बाहीने पुसले, तर मोठ्या सिस्टर ओरडल्या, "बाई, तो झगा स्वच्छ आहे!"

छटाकची आई नवऱ्याला फोन करून सांगत होती, आज नाही, उद्या, हो बाबा, उद्या. एका हाताने बॅगेतून दुपटी परत काढत होती, दुसऱ्या हातात छटाक, आणि फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला. तिला ते जमेना. तिने मागे वळून पाहिले.

"ताई, जरा हिला घेता?"

काटेवालीच्या लक्षात आले, की या पोरीच्या हजारो लाथा तिने एकेक करून पाहिल्यात, ओळीने लावल्यात, मधली शोधून काढलीय, पण तिला उचलून एकदाही घेतलेले नाही. तिने दोन्ही हात पुढे केले.

"मानेखाली हात. असं. हं," सिस्टर म्हणाल्या.

छटाक तिच्या कुशीत आली. ऊबदार, दुधाचा वास येणारी, सतराशे नव्वद ग्रॅम. आली तशी तिने पायाने काटेवालीच्या बरगडीत एक सणसणीत लाथ दिली.

"घट्ट धरा हं ताई," फोनवर हात ठेवून तिची आई म्हणाली. "ती फार हलते."

"माहीत आहे," काटेवाली म्हणाली.